स्वस्त ड्राइव्ह, पण पारखून

व्हॉल्व्ह कंपनीने २०१८मध्ये ‘प्रोटॉन’ आणले आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. कार्यप्रणालीचा खर्च वाचला. जागेचा मात्र वाढला, कारण आजचे मोठे गेम शंभर-शंभर जीबी सहज खातात. मग कमी पैशांत ड्राइव्ह कोणता घ्यावा? खोक्यावर ठळक छापलेला ‘सेकंदाला ७००० एमबी’ हा आकडा पाहूनच बरेच जण पैसे मोजतात. गेमसाठी त्याचा उपयोग सर्वांत कमी.

गेम उघडताना संगणक विखुरलेले हजारो छोटे तुकडे वाचतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा समोर यायला सरासरी अर्धा फेरा जातो आणि वाचणारे हेड जागेवर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. त्यामुळे असे तुकडे सेकंदाला जेमतेम ऐंशीच वाचून होतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, आणि हीच वाचनाची वेळ मायक्रोसेकंदांवर येते. खरी झेप इथे आहे. त्यापुढे ५५० एमबीचा साटा एसएसडी, ३५०० एमबीचा एनव्हीएमई आणि ७००० एमबीचा एनव्हीएमई यांच्यात बहुतेक गेम उघडण्याच्या वेळेत काही सेकंदांचाच फरक पडतो. दाबून ठेवलेली माहिती उलगडण्याचे काम प्रोसेसरचे असते, आणि ते ड्राइव्ह बदलून हलके होत नाही.

मग पाहायचे काय? आधी माहिती साठवणाऱ्या पेशींचा प्रकार. टीएलसी ड्राइव्हमध्ये एका पेशीत ३ बिट मावतात, त्यासाठी विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत ४ बिट आणि १६ पातळ्या. पातळ्या जितक्या दाटीवाटीने, तितके लिहिणे संथ आणि झीज लवकर. ही झीज ‘टीबीडब्ल्यू’ (एकूण किती टीबी लिहिता येतील) या आकड्यात कळते. १ टीबीच्या अनेक टीएलसी ड्राइव्हवर तो ६०० असतो, स्वस्त क्यूएलसीवर २००च्या आसपास. आता हिशेब करा. रोज शंभर जीबीचा नवा गेम उतरवला, तरी वर्षाला ३६.५ टीबी लिहिले जातात. म्हणजे क्यूएलसीसुद्धा पाच वर्षे पुरते. गेम एकदा लिहिला की पुढे वाचलाच जातो. म्हणून कार्यप्रणालीसाठी टीएलसी आणि नुसत्या गेमसाठी क्यूएलसी, ही विभागणी शहाणपणाची.

क्यूएलसी रिकाम्या जागेचा काही भाग तात्पुरता एकेरी बिटने वापरून वेगवान असल्याचे भासवते. ती जागा भरली की काही ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला शंभर एमबीपर्यंत घसरतो. पण १०० मेगाबिटच्या (एमबीपीएस) इंटरनेट जोडणीवरून सेकंदाला साडेबारा एमबीच उतरतात, त्यामुळे डाउनलोड करताना ही घसरण जाणवतही नाही. दुसऱ्या ड्राइव्हवरून मोठी लायब्ररी कॉपी करताना मात्र जाणवते. ड्राइव्ह गच्च भरला की ही तात्पुरती जागाही आक्रसते, म्हणून थोडा भाग रिकामा ठेवावा.

स्वस्त एनव्हीएमईत स्वतःची डीरॅम नसते. असे ड्राइव्ह ‘एचएमबी’ सुविधेने संगणकाच्याच रॅमचा छोटा भाग वापरतात, आणि लिनक्समध्ये ही सोय कर्नल ४.१३पासून आहे. वर्णनात एचएमबीचा उल्लेख असेल, तर डीरॅम नाही म्हणून ड्राइव्ह नाकारू नका.

घरी आणल्यावर दोन कामे लगेच करावीत. पहिले, गेमचा ड्राइव्ह एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएसमध्ये फॉरमॅट करणे. विंडोजचा जुना एनटीएफएस ड्राइव्ह तसाच जोडायचा मोह होतो, पण प्रोटॉन प्रत्येक गेमच्या फोल्डरमध्ये ‘सी:’सारख्या नावांच्या लिंक बनवते. विंडोजला फाइलच्या नावातले हे अपूर्णविरामाचे चिन्ह (:) चालत नाही आणि गेम अडतात. दुसरे, ‘एफएसट्रिम’चा साप्ताहिक टायमर सुरू आहे का ते पाहणे. पुसलेल्या जागेची खबर ड्राइव्हला त्यातून मिळते.

सर्वांत महत्त्वाची सावधगिरी खोट्या क्षमतेची. अविश्वसनीय किमतीला विकल्या जाणाऱ्या ‘२ टीबी’ ड्राइव्हच्या आत कधी काही जीबीच असतात. ‘एफ३’ हे मोफत साधन ड्राइव्ह भरून, पुन्हा वाचून खरी क्षमता दाखवते. परत करण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी कराच. थोडक्यात, पैसे कमी असतील तर वेगाचा आकडा सोडा आणि क्षमता धरा: ७००० एमबीच्या ५०० जीबीपेक्षा ३५०० एमबीचा खात्रीचा १ टीबी केव्हाही सरस.