जुन्या जीपला इंधन कोणते?

सह्याद्रीतल्या चिखलवाटांवर जुनी डिझेल जीप भाव खाते. कमी वेगातही तिची ओढ जबरदस्त. स्पार्क प्लग नसल्याने ओढ्यात ते भिजून गाडी बंद पडण्याची भीतीही नाही. पण धुराचे काय? या गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणारा ठरवला. त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. जीपच्या उघड्या मागच्या बाजूने हा धूर आत शिरतो, आणि तिथल्या बाकांवर बहुधा मुलेच बसलेली असतात.

पेट्रोलला काजळी कमी, पण कार्बन मोनॉक्साइड जास्त. त्याला वास नसतो. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवूच नये. सीएनजी तुलनेने स्वच्छ. मात्र त्याचे किट पेट्रोल इंजिनालाच सहज बसते, ताकद साधारण १० टक्के घटते, सिलिंडरची दर ३ वर्षांनी चाचणी करावी लागते. शिवाय आडवाटेला पंप कुठे मिळणार?

गाडी रोज शहरात फिरणार असेल तर पेट्रोल इंजिन आणि सीएनजी बरे. महिन्यातून एकदा डोंगरात जाणारी डिझेल जीप ठेवायला हरकत नाही. इंजेक्टर व एअर फिल्टर तेवढे वेळेवर तपासा आणि मागचा पडदा लावून घ्या.