घरातलं वाचन (लेखांक ५) : अक्षरं येतात, मग अडतं कुठं?

मागच्या आठवड्यात पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशी कुठं ठेवावीत ते पाहिलं. आज बडोद्यातल्या मराठी घरांची नेहमीची तक्रार घेऊ. मूल घरी मराठी बोलतं, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. हिंदी शिकल्यामुळे देवनागरीही येते. तरी मराठी गोष्ट पुढं ठेवली की दुसऱ्या ओळीलाच पुस्तक मिटतं.

आईवडील मग बाराखडीची उजळणी काढून बसतात. दुखणं एकीकडे, लेप भलतीकडे! गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखणं आणि ती भाषा ऐकून समजणं यांचा गुणाकार. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. आपल्या मुलांची पहिली बाजू ठीक असते, लंगडी पडते ती दुसरी. घरातली मराठी ‘जेवायला ये’, ‘मोबाइल ठेव’ इथवरच उरली, तर गोष्टीतली ओसरी, खळं, घोंगडी मुलाच्या कानावर येणार कुठून?

म्हणून वाचून दाखवा. मूल नऊ-दहा वर्षांचं असलं तरीही. अक्षरं आली की आपण वाचून दाखवणं बंद करतो, तीच घाई नडते. रोज दहा मिनिटं पुरतात. आधी पान तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग त्यानं एकट्यानं. अडलं तर जरा थांबा, नाहीतर शब्द सांगून पुढं चला. चुकीगणिक टोकलं की गोष्टीतली गंमत जाते. मात्र ‘चाक’ आणि ‘झाड’ हिंदीच्या वळणानं वाचले जातील, तिथं एकदा म्हणून दाखवा. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च छापताना सारखाच, फरक फक्त कानाला कळतो. ‘ळ’ची काळजी नको, तो गुजरातीनं आधीच शिकवलेला असतो. आजी वाचणार असेल तर फारच छान. तिच्या बोलण्यात चार गुजराती शब्द आले तर येऊ द्यात, बडोद्याची मराठी तशीच आहे.

या शहरात पुस्तकांची कमी कधीच नव्हती. कवळाण्याहून आलेल्या सयाजीरावांची अक्षरओळखच १८७५ साली दत्तक आल्यावर, बाराव्या वर्षी सुरू झाली. त्यांनीच १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. खेड्यांत पेट्यांतून पुस्तकं पोचली, मुलांसाठी ‘सयाजी बालज्ञानमाला’ निघाली. पण घरी वाचून दाखवणं काही महाराजांना सक्तीचं करता आलं नाही!

मराठी पुस्तक मिळत नाही, ही सबब आता चालायची नाही. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवलेत. त्यातली एक गोष्ट आज रात्री वाचून दाखवा. पुढच्या आठवड्यात ओळी गाळत वाचणाऱ्या मुलांविषयी.