आपली जाहिरात कोणी पुढे पाठवली?

सुटलेला बाण आणि उच्चारलेला शब्द परत येत नाही, असे वडीलधारी मंडळी सांगत. आता त्यात मोबाईलवरून सुटलेल्या निरोपाचीही भर घालावी लागेल. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावातही मालाचा फोटो आणि भाव व्हॉट्सॲपवर टाकता येतो. तो पुढे कोण पाठवतो हे कळेल का, असा प्रश्न व्यापारी आणि कारागीर बंधूंना पडणे साहजिक आहे.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. समजा, कोरीटच्या एका व्यापाऱ्याने सोमवारी वाळलेल्या लाल मिरचीचा भाव ग्रुपवर टाकला. हातोहात फिरत तो शनिवारी शहाद्याच्या गिऱ्हाइकाकडे पोचला. मधल्या दिवसांत भाव चढला. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून जुनाच भाव मागतो. दिला तर तोटा, नाकारला तर शब्दाला बट्टा.

मग मोबाईल आपल्याला काय सांगतो? फेसबुकवर पोस्टखाली शेअरचा आकडा दिसतो. ज्यांनी सर्वांसाठी खुली शेअर केली, त्यांची नावेही पाहता येतात. खासगी निरोपातून पाठवणारे मात्र दिसत नाहीत. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खाते असेल तर आकडा मिळतो, नावे मिळत नाहीत. व्हॉट्सॲपचे निरोप २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरते कुलूपबंद आहेत. आपला निरोप कोणी कोणाला पाठवला, हे तिथे कळत नाही. सगळी नावे दाखवतो म्हणणाऱ्या ॲपला आपला पासवर्ड मुळीच देऊ नये. त्यात फसवणुकीचा धोका आहे.

फिरत्या निरोपाने काय अनर्थ होतो, हे शेजारच्या धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्यांचा जीव घेतला. अशी अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवणे सुरू केले आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पाठवण्याची मर्यादा घातली. २०२१ च्या सरकारी नियमांनी गंभीर गुन्ह्यांत निरोपाचा मूळ कर्ता शोधून देण्याची अट घातली, तेव्हा कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ही अटही गुन्ह्यांसाठी आहे, दुकानदाराच्या जाहिरातीसाठी नाही.

तेव्हा उपाय आपल्याच हाती आहेत. पहिला, भाव टाकताना तारीख आणि तो कोणत्या दिवसापर्यंत लागू आहे हे फोटोवरच लिहावे. खाली वेगळे लिहिलेले गळून पडू शकते. दुसरा, दुकानाचे नाव आणि फोन नंबरही फोटोवरच घालावा, म्हणजे खातरजमा करणाऱ्याला आपल्यापर्यंत पोचता येईल. तिसरा, प्रत्येक ग्रुपसाठी वेगळा शब्द ठेवावा. नंदुरबारच्या ग्रुपला 'ठसका', शहाद्याच्या ग्रुपला 'तिखट'. हा शब्द सांगणाऱ्यास थोडी सूट द्यावी. गिऱ्हाईक कोणत्या वाटेने आले ते आपोआप कळेल. चौथा आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे गल्ल्यावर बसून विचारणे, "भाऊ, आमचे नाव कोणाकडून कळले?" उत्तर वहीत उतरवावे. महिन्याअखेरीस वही चाळली की आपली जाहिरात खरोखर कोण पुढे नेतो ते दिसेल. त्या माणसाला धन्यवादाचा एक फोन जरूर करावा.

एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. आपण आपला निरोप पुसला तरी दुसऱ्यांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून निरोप सोडण्यापूर्वी भाव, वजन आणि प्रत पुन्हा एकदा तपासावी. निरोप कोणाच्याही हाती पडला तरी त्याला दिलेला शब्द आपलाच असतो.