ताप गेला, थकवा राहिला

माजरीच्या कोळसा खाणीतून पाळी करून आलेला माणूस थकला, तर आपण समजून घेतो. पण चिकनगुनियाचा ताप उतरून सहा महिने झाले आणि अम्मी किंवा सून उठेना, तर आपण तिला आळशी ठरवतो. हा विषाणू 1973 मध्ये बार्शीत, 2006 मध्ये राज्यभर पसरला. त्याच्याच कुळातला रॉस रिव्हर विषाणू आणि आणखी दोन संसर्ग झालेल्या 253 जणांवर ऑस्ट्रेलियातल्या डब्बो भागात लक्ष ठेवले गेले. सहा महिन्यांनीही 29 जण थकलेलेच होते. मूळ आजार जितका तीव्र, तितका धोका जास्त. मनोवृत्तीचा संबंध दिसला नाही. म्हणून टोमणे नकोत. काम वाटून घेऊ, तिला विश्रांती देऊ आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घेऊ.