जपानी शब्द लक्षात कसे राहतात

हिरागाना आणि काताकाना या जपानी लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे थोड्या आठवड्यांत हातात बसतात. वाक्यरचनाही मराठी माणसाला परकी वाटत नाही. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम तिथेही आहे. गाडी अडते ती शब्दांपाशी. इंग्रजीतून उसने घेतलेले शब्द सोडले, तर बाकीचे सारे कानाला अगदी नवे असतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या काही तासांत भराभर निसटते, पुढे निसटण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. नवशिक्यासाठी जपानी शब्द हा असाच निरर्थक अक्षरसमूह असतो. तो टिकायचा, तर ठरावीक अंतराने आठवावा लागतो आणि त्याला अर्थाचा आधार द्यावा लागतो.

वहीतली यादी पुन्हा पुन्हा वाचणे म्हणजे आठवणे नव्हे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून पाहिलेल्यांनी बाजी मारली. वाचताना 'हे येते' असे वाटते, ती नुसती ओळख असते. अर्थ झाकून शब्द आठवायचा, मग शब्द झाकून अर्थ, ही जुनी शाळकरी रीत म्हणूनच फार मोलाची. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये तिला खोक्याची जोड दिली. बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा समोर येते. चुकलेले पहिल्या कप्प्यात परत येते. 'आंकी' हे संगणकावरचे साधन हेच अंतर आपोआप मोजते.

अर्थाच्या आधाराचे मोठे भांडार म्हणजे कांजी, अर्थात चिनी लिपीतून आलेली अर्थवाही चिन्हे. 'जोयो' या अधिकृत यादीत २,१३६ कांजी आहेत आणि हा आकडा पाहूनच अनेकजण रोमन लिपीत शब्द पाठ करत बसतात. तिथेच नुकसान होते. 'देन' या कांजीचा अर्थ वीज. 'देन्शा' म्हणजे विजेचे वाहन, अर्थात विजेवरची आगगाडी. 'देन्वा' म्हणजे विजेवरचे बोलणे, टेलिफोन. आणि 'देन्ची' म्हणजे विजेचे तळे, बॅटरी! एक कांजी कळली की तिच्या मागोमाग शब्दांचे कुटुंबच येते. सारख्या उच्चारांचा गोंधळही तिच्यामुळे मिटतो. विज्ञान आणि रसायनशास्त्र दोन्हींना 'कागाकु'च म्हणतात, पण त्यांतली पहिली कांजी वेगळी असते. बोलताना कांजी दिसत नाही, म्हणून जपानी लोकही रसायनशास्त्राला वेळप्रसंगी 'बाकेगाकु' म्हणतात.

क्रियापद एकटे पाठ करू नये, ते नामाला धरूनच यावे. मराठीत सदरा घालतात, साडी नेसतात, चष्मा लावतात. जपानीतही सदरा असेल तर 'किरु', विजार किंवा बूट असतील तर 'हाकु', टोपी असेल तर 'काबुरु' आणि चष्मा असेल तर 'काकेरु'. कार्डावर नुसते 'हाकु' लिहिले, तर हा फरक हमखास हरवतो. 'कुत्सु ओ हाकु', म्हणजे बूट घालणे, असे लिहिले की शब्द, विभक्ती आणि वापर एकदमच डोक्यात जातात. गोळीसुद्धा जपानी माणूस 'पितो': 'कुसुरि ओ नोमु'. असे शब्दप्रयोग अख्खेच उचलावेत.

जवळच्या अर्थाचे शब्द मात्र एकाच दिवशी घेऊ नयेत. 'कासु' म्हणजे उसने देणे आणि 'कारिरु' म्हणजे उसने घेणे. दोन्ही एकत्र पाठ केले की कोणते कशाचे, हा घोळ महिनोन्‌महिने सुटत नाही. आधी 'कासु' पक्के व्हावे, दोन-चार वाक्यांत वापरले जावे, आणि मगच 'कारिरु'चे कार्ड गठ्ठ्यात घालावे.