ओटीपी सांगितला, की हक्कही गेला

विंचूर उपबाजारात विकलेल्या कांद्याचे पैसे खात्यात येतात, आणि त्याच खात्याच्या जोरावर घरातली पोरं मोबाइलवर खरेदी करतात. खरेदीला वेगळं, कमी शिलकीचं खातं ठेवलेलं बरं. १ ऑक्टोबर २०२२पासून खरेदीच्या संकेतस्थळांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. त्याजागी टोकन असतं. ओळखपत्र मागितलंच, तर पहिले ८ अंक झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ द्यावं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. ‘परताव्यासाठी पिन टाका’ म्हणणारा चोरच!

फसलात तर लगेच १९३० हा सायबर मदत क्रमांक लावा, बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, तिऱ्हाइताकडून झालेल्या गफलतीची तक्रार ३ कामकाजी दिवसांत केली, तर ग्राहकाला तोशीस नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर मात्र तक्रार नोंदवेपर्यंतचा फटका त्याचाच.