हरकत नोंदवा, पोच घ्या

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. कलम २८ नुसार नियोजन समिती सुनावणी घेते. याला निव्वळ सोपस्कार समजू नका. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा आला, तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले लोकांनीच नकाशावर बोट ठेवून दाखवले. मुंबईतील आरे वसाहतीबाबतच्या प्रस्तावांवरून तर रान उठले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने फेरआखणीचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले.

हरकतीच्या अर्जात जमिनीचा सर्व्हे किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक, आरक्षण आणि नेमका आक्षेप लिहा. सुनावणीची विनंतीही त्यातच करा. नकाशे मात्र फार किचकट असतात. त्यामुळे आराखड्याचा सोप्या मराठीतला गोषवारा प्रत्येक प्रभाग कार्यालयात लावायलाच हवा.